सोलं आणि मीटिंग

आज दुपारी साडेतीनला टीम मीटिंग चालू होती आणि आजी अंगणातून ओरडली, "अगो, आभाळ भरलंय, सोलं उचल आधी!" लॅपटॉप पडवीत तसाच टाकून वाळत घातलेली सोलं, म्हणजे आमसुलं, उचलायला धावले.

गुहागरला येऊन घरून काम करायला लागले त्याला आठ महिने झाले. पुण्यातले मित्र विचारतात, "तिकडे राहून करिअरचं काय?" खोटं कशाला बोलू, रात्री मलाही हाच प्रश्न पडतो. (पगार तोच आहे, फक्त रेंज जाते.)

पण हे आमसुलाचं प्रकरण मला भारी आवडायला लागलंय. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया-गर काढून त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवायची, उन्हात टाकायची. दुसऱ्या दिवशी परत रस, परत ऊन. अशी पाच-सहा पुटं बसली की सोल काळपट, मऊ होतं. बियांचं कोकमेल, म्हणजे तेल, ते थंडीत टाचांच्या भेगांना. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, हे आजीला कौतुकाने सांगितलं. "बरं झालं. मीठ घातलंस का?"

माझं महिनाभराचं काम काल एका मेलवर रद्द झालं. कुणाला काही वाटलंसुद्धा नाही. इथे एक ऊन चुकलं तर सोलांना बुरशी येते आणि आजी दोन दिवस बोलत नाही.

सुपं, ताटं, जुनी चादर, सगळं आत आणलं. पाऊस चार थेंब टाकून गेला. लाल बोटांनी परत लॅपटॉपसमोर बसले तर माईक चालूच! पलीकडून कुणीतरी विचारलं, "भिजली नाहीत ना सोलं?"