तीनशे फेऱ्यांच्या खाली

रविवार, रात्र.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या धर्तीवर आम्ही चौघांनी श्टुटगार्टजवळच्या शेडमध्ये बांधलेले एका सिलिंडरचे इंजिन गेले दोन महिने एकाच खोडीवर अडून बसले होते. मिनिटाला ५०० फेऱ्यांना ते समजूतदारपणे चालते, पण ३०० च्या खाली आणले की दोन ठोके चुकवते, तिसरा धाडकन मारते आणि बंद पडते.

सकाळी पहिला संशय घेतला तो ठिणगीवर. मिश्रण पेटून दाब चढायला जो वेळ लागतो तो फेरे उतरले म्हणून त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे वेगात योग्य ठरणारी ठिणगी मंद चालीत वर येणाऱ्या दट्ट्यालाच अडवते. टायमिंग मागे घेतल्यावर, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडल्यावर, ठोका मऊ झाला, चुकणे मात्र थांबले नाही. डाइम्लर आणि मायबाख या जर्मन अभियंत्यांच्या १८८५ च्या इंजिनात तापलेल्या नळीने मिश्रण पेटे. तिथे एवढीही मुभा नव्हती.

नंतर कार्ब्युरेटरकडे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, वळलो. तो कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीप्रमाणे पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा ओढणारा आहे. अर्ध्या तासात त्याच्या पत्र्यावर दव जमले, कारण वाफ होताना पेट्रोलचीच ऊब खर्च होते, ते गार पडते आणि वाफ कमी होते. शिवाय हलका भाग आधी उडून जातो आणि जड भाग तळाशी राहतो. ताजे पेट्रोल भरून थोडी ऊब दिली, तेव्हा इंजिन २९० पर्यंत उतरले. मायबाखचा १८९३ चा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर मला आज नुसता हुशारीचा नव्हे, तर वैतागातून सुचलेला वाटला.

खरा दोष दुपारी सापडला. पुण्यात उमेदवारी करताना फोरमनने शिकवल्याप्रमाणे लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झडपेच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरली. हवा आत घेणारी आमची झडप कॅमने (इंजिनाबरोबर फिरून झडप ढकलणाऱ्या उंचवट्याच्या चकतीने) नव्हे, तर खाली जाणाऱ्या दट्ट्याच्या ओढीने उघडते, आणि मंद चालीत ती ओढ इतकी दुबळी होती की झडप एकदा नीट उघडण्याऐवजी बैठकीवर तडतडत होती. मी बसवलेली स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ होती. भक्कम काम करण्याची माझी जुनी हौस इथे नडली.

मऊ स्प्रिंग घातल्यावर इंजिन २४० फेऱ्यांवर दहा मिनिटे न चुकता चालले, आणि प्रत्येक ठोका वेगळा मोजता येत होता. पण फेरे ७०० वर नेताच झडप उशिरा मिटू लागली आणि ज्वाळेची उचकी मागे कार्ब्युरेटरकडे आली. वाटेत तारेची जाळी बसवली आहे, म्हणून ती तिथेच विझली. मायबाखने १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये हवा आत घेणाऱ्या झडपाही कॅमवर घेतल्या. त्या इंजिनाचे फेरे चालकाला ३०० ते १००० दरम्यान ठेवता येत.

आम्ही कॅम बसवणार नाही; मग ते इंजिन त्या काळचे उरणार नाही, यावर चौघांचे एकमत आहे. मधल्या जाडीच्या तारेची स्प्रिंग वळून तेलात ठेवली आहे.