अर्जुनाची दाढी

गोव्यात, आमच्या फोंड्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद, आणि त्या वेळात माणसाने आडवं व्हावं हा अलिखित कायदा. घरामागच्या हायस्कूलच्या पोरांनी तो परवा मोडला. डोळा लागतो न लागतो तोच पेटीवर कुणीतरी एकच ओळ घोळवायला लागलं. तीच ओळ, त्याच जागी अडखळून. शेवटी शर्ट चढवला आणि वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

‘सौभद्र’ हे संगीत नाटक बसत होतं. गॅदरिंगसाठी. सर नाहीत, बाई नाहीत, सगळा कारभार नववी-दहावीचा. दोन वेण्यांची एक मुलगी वही घेऊन दिग्दर्शन करत होती आणि सगळे तिला टरकून होते. तालीम कोंकणीत, नाटक मराठीत. आपल्याकडे हे असंच चालायचं. “गे, तूं खंय पळयता?” म्हणून ती सुभद्रेवर खेकसे, आणि सुभद्रा लगेच पदर सावरून शुद्ध, तालेवार मराठीत विरहाला लागे.

घोळ होता अर्जुनाचा. ठरलेल्या अर्जुनाचा आवाज ऐन दिवाळीच्या सुट्टीत फुटला. पेटीच्या काळी चारला, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत गाणारा पोरगा शाळा उघडल्यावर आला तो खालच्या काळी एकलाही डळमळत. शिक्षक असते तर पदंच कापली असती. पोरांनी त्याला तबल्यावर बसवलं आणि अर्जुन एका मुलीला दिला. 1882 साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. आता अर्जुन नववीतली मुलगी करते. फिटंफाट. यावर मला काहीतरी बरंच खोल सुचलं होतं, पण तेवढ्यात तिने दाढी लावली आणि ते निसटलं.

संन्याशाच्या वेषातला अर्जुन, म्हणजे दाढी हवीच. ड्रेपरीवाल्याचं भाडं परवडेना म्हणून नारळाच्या सोडणाचा काथा पिंजून, कुंकवाच्या डबीएवढ्या बाटलीतल्या गोंदाने मलमलीच्या पट्टीवर चिकटवलेला. काथा गालाला चावतो. दर आलापाच्या आधी अर्जुन दोन बोटांनी दाढी हनुवटीखाली ओढे, खाजवे, ती पुन्हा वर चढवे आणि मग समेवर येई. एकदाही सम चुकली नाही. बलरामाची गदा म्हणजे पाण्याच्या पाइपाला खोचलेला फुटबॉल. सोनेरी कागद एका बाजूने सुटला होता, आणि बलराम तीच बाजू आपल्याकडे ठेवायची खबरदारी घेत होता.

लहानपणी देवळाच्या उत्सवात आम्ही नाटकं पाहिली ती बहुतेक झोपेतच. मांडवात पुढे हांतरी टाकून आई आम्हाला ओळीने निजवायची, उशाशी खाज्याचा पुडा. कृष्ण म्हणजे गावचा पोस्टमन, रुक्मिणी म्हणजे शाळेतला शिपाई. चांगलं पद आलं की आई ढोसायची, “ऊठ, ऐक.” आम्ही उठायचो, वन्समोर ऐकायचो, दुसरा वन्समोर व्हायच्या आत परत झोपायचो. भैरवीपर्यंत उजाडलेलं असायचं. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना सगळी पदं पाठ. नटाने एखादी जागा सोडली, की ती तिथूनच घेतली जायची, मोठ्याने. गायक-नट दीनानाथ मंगेशकरांची मंगेशी याच तालुक्यात. त्यामुळे प्रत्येकाला आपला गळ्यावर वारसाहक्क असल्यासारखं वाटतं.

म्हणून वन्समोरच्या बाबतीत मी हट्टी आहे. इथे ही दोन वेण्यांची मुलगी मोबाइलवर वेळ लावून पदं मोजत होती. प्रत्येक पदाला दोन मिनिटं, वन्समोर अजिबात नाही. मला राहवेना. खिडकीतूनच म्हटलं, “अगं, संगीत नाटक असं घड्याळावर असतं का? लोकांनी मागितला तर?”

तिने मान वर केली. “अंकल, मागीर आमची बस चुकता.”

यावर काय बोलणार. आमच्या वेळी घरी चालत जायचं असे, हा मुद्दा काढणार होतो, तो गिळला. तबल्यावरचा माजी अर्जुन मात्र गालात हसला आणि त्याने मुद्दामच एक जादा तिहाई मारली. वेण्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा डग्गा पुसायला लागला.

गॅदरिंगला जाणार आहेच. कुठे बसावं तेवढं ठरत नाही. पुढे डास असतात, मागे पदं पाठ असलेले म्हातारे.