वीस जणांची व्हायल, चार तास आणि एक सही

कोव्हॅक्सिन या कोविड लशीच्या सुरुवातीच्या साठ्यातली व्हायल, म्हणजे कुपी, वीस डोसची होती. दहा मिलिलिटर औषध, माणशी अर्धा मिलिलिटर. पहिली सुई आत गेली की घड्याळ सुरू. चार तासांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं, मग एक डोस उरलेला असो की पंधरा. कोविशील्डची व्हायल दहाची होती, मुदत तेवढीच. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. जानेवारी २०२१ च्या अखेरीस, महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या केंद्रावर मात्र दिवसभर त्याचाच घोर होता. आमच्या वाट्याला कोव्हॅक्सिन आली होती, आणि ती टोचण्याआधी प्रत्येकाकडून लेखी संमती घ्यावी लागत होती. त्या केंद्रावर संमती घेण्याचं काम माझ्याकडे होतं.

ही सही कुठून आली, ते आधी सांगायला हवं. ३ जानेवारी २०२१ ला औषध महानियंत्रकांनी दोन लशींना आपत्कालीन मर्यादित वापराची परवानगी जाहीर केली. तज्ज्ञ समितीच्या बैठका १ आणि २ जानेवारीलाही चालल्या होत्या. कोविशील्डसाठी परदेशातल्या २३,७४५ जणांच्या चाचण्यांचे निष्कर्ष हातात होते, परिणामकारकता ७०.४२ टक्के. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या दोन टप्प्यांत सुमारे ८०० जण होते. सुरक्षितता दिसली होती, प्रतिपिंडं तयार होतात हेही दिसलं होतं. पण आजार किती टळतो, हे सांगणारा तिसरा टप्पा अजून सुरू होता. २५,८०० स्वयंसेवकांपैकी सुमारे २२,५०० जणांना टोचून झालं होतं, निकाल यायचा होता. म्हणून तिला परवानगी मिळाली ती 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये. म्हणजे संमतिपत्र, सात दिवसांची नोंदवही, त्यानंतर पाठपुरावा, आणि लशीमुळे गंभीर त्रास झाल्याचं सिद्ध झालं तर कंपनीकडून भरपाई.

यादीत शंभर नावं होती, सगळी आरोग्य कर्मचाऱ्यांची. को-विनवरून निरोप गेले होते, काहींना पोचले, काहींना नाही. साडेदहापर्यंत प्रतीक्षाकक्षात अकरा जण बसले होते. शीतपेटीत व्हायली तयार होत्या. पेटीतले आईसपॅक सकाळीच बाहेर काढून, कानाशी हलवून पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबून मग भरले होते. हे थांबणं टाळलं तर लस गोठू शकते. कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीच्या जातीचा घटक असतो. तो एकदा गोठला की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस वाया जाते. वरून पाहून ते ओळखू येईलच असं नाही.

एका माणसाची संमती नीट घ्यायची तर मला दहा ते बारा मिनिटं लागत होती. माहितीपत्रकात कोणी ही लस घेऊ नये याची यादी होती: ताप असलेले, अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेले, रक्तस्रावाचा विकार असलेले किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर, स्तनदा माता, आणि दुसरी कोविड लस घेतलेले. हे प्रश्न "काही त्रास आहे का?" अशा एका वाक्यात उरकता येत नाहीत. एका मामांनी "काही नाही" म्हणून सांगितलं. रोज कोणत्या गोळ्या घेता असं विचारल्यावर खिशातून पाकीट निघालं. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्यांना थांबवलं. "काही त्रास आहे का" याला माणूस आज काय दुखतंय त्याचं उत्तर देतो. झडप बदलून सहा वर्षं झाली, आता त्रास काहीच नाही, म्हणजे त्यांचं उत्तर खरंच होतं.

अकरांतले मामा गेले, एक बाई स्तनपान देणाऱ्या निघाल्या. उरले नऊ. नऊ जणांसाठी वीसची व्हायल उघडायची का? कार्यक्रमात दहा टक्के नासाडी गृहीत धरलेली होती, म्हणजे वीसच्या व्हायलमागे दोन डोस. आम्ही ठरवलं, बारा सह्या होईपर्यंत उघडायची नाही. बारा झाल्या की उरलेले आठ जण चार तासांत मिळतील असा अंदाज होता. सव्वा बाराला बारावी सही झाली. व्हायल उघडली, लेबलवर तारीख आणि वेळ लिहिली: १२.२०. कोव्हॅक्सिन उघडण्याआधी हलवायची असते, तळाशी बसलेलं मिसळावं लागतं. कोविशील्ड हलवायची नसते. दोन्हीचं काम एकाच वेळी शिकवलेल्या माणसाकडून इथेच गफलत होते.

आणि मग चूक झाली. बारा जणांना टोचून झालं होतं, पुढचे येत नव्हते. आमच्यातल्याच एकाने वॉर्डांत फोन लावायला सुरुवात केली. "व्हायल उघडलेली आहे, लवकर या, सहीचं काही नाही, ती नुसती औपचारिकता आहे." हे वाक्य प्रतीक्षाकक्षात सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्यासमोर एक ज्येष्ठ सिस्टर बसल्या होत्या, हातात पेन, पत्राचं दुसरं पान उघडलेलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मॅडम, औपचारिकता असेल तर सही कशाला हवी? आणि सही हवी असेल तर ती औपचारिकता कशी?"

त्यांच्या मागे बसलेल्या दोघी उठून उभ्या राहिल्या. घड्याळात दीड वाजला होता.

त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं ते सगळ्यांना आठवत असेल. पण आमच्या केंद्रावर त्या तासात अफवेने जेवढं बिघडवलं नसतं तेवढं या एका फोनने बिघडवलं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे आणि लस घेतली तरी बाकीची काळजी सोडायची नाही. लिहिलेलं प्रामाणिक होतं. त्याला औपचारिकता म्हटलं की तोच मजकूर लपवाछपवीसारखा दिसायला लागतो.

मी फोन थांबवायला सांगितलं. सिस्टरांचा पुढचा प्रश्न नेमका होता. "पलीकडच्या केंद्रावर कोविशील्डला सही मागत नाहीत. म्हणजे आमचीच नवी आणि आमच्यावरच प्रयोग, असंच ना?"

मी म्हटलं, "सिस्टर, उलट आहे. तंत्र आपल्या लशीचं जुनं आहे. कुत्रा चावल्यावर आपण जी लस टोचतो, ती कशी बनते? विषाणू प्रयोगशाळेतल्या व्हेरो पेशींवर वाढवायचा, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने मारायचा, शुद्ध करायचा. कोव्हॅक्सिनही तशीच बनते. विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा काढलेला, मेलेला, एका डोसमध्ये ६ मायक्रोग्रॅम. त्यात नवं म्हणावं ते एकच, तुरटीच्या घटकाला जोडलेलं प्रतिकारशक्ती जागवणारं रसायन. नवं तंत्र कोविशील्डचं आहे. चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूत कोरोनाच्या काट्याचा जनुक बसवलेला. पण तिचा मोठ्या चाचणीचा आकडा आलेला आहे. आपल्या लशीचा यायचा आहे. सही त्या न आलेल्या आकड्यासाठी आहे."

लोकांच्या मनात 'नवं' आणि 'सिद्ध न झालेलं' हे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. सरकारी जाहिरातीतही ते कोणी सोडवून सांगत नव्हतं. तंत्र जुनं असून पुरावा अपुरा असू शकतो, तंत्र कोरं असून पुरावा भक्कम असू शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झायडसच्या डीएनए लशीला परवानगी मिळाली, सुईऐवजी दाबाने त्वचेत जाणारी, तीन डोसची. जून २०२२ मध्ये पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला मिळाली. ती साध्या लसफ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत राहते. दोन्ही वेळी लोकांनी मला आधी विचारलं ते तंत्राबद्दल, "ही आपल्या जनुकात शिरते का?" याचं उत्तर द्यावंच लागतं. पण चाचणीत किती जण होते आणि आजार किती टळला, हे विचारणारे क्वचित भेटले. सिस्टरांनी ते त्या दिवशी विचारलं.

"मग मला लस मिळणार की पाणी?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. तिसऱ्या टप्प्यात निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं नुसतं इंजेक्शन, होता, हे त्यांनी वाचलं होतं. इथे प्लासिबो नाही, प्रत्येकाला खरीच लस, हे सांगितलं. ट्रायल मोड या शब्दाने सर्वांत जास्त घोटाळा इथेच केला होता. त्यांनी टोपण काढलं, पूर्ण पत्र पुन्हा वाचलं आणि सही केली. मागच्या दोघींपैकी एक थांबली, एक निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

त्यांच्यानंतर स्वच्छता विभागातल्या मावशी आल्या. वाचता येत नव्हतं. अशा वेळी केंद्राशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवायचं, मग अंगठा, मग साक्षीदाराची सही. आमच्या सिस्टरांपैकी कोणी चाललं नसतं. औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या एका शिक्षकांना विनंती केली, ते आले. भरपाईचा परिच्छेद ऐकल्यावर मावशींनी विचारलं, "लशीमुळं झालं हे ठरवणार कोण?" मी सांगितलं की तुमचं तुम्ही सिद्ध करायचं नाही. त्रास झाला की आम्ही कळवायचं, जिल्ह्यावर तपास होतो, कारण ठरवायला राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर तज्ज्ञांच्या समित्या आहेत. "म्हणजे आधी तुम्ही कळवायला पाहिजे," त्या म्हणाल्या. बरोबर होतं. मी माझा नंबर त्यांच्या नोंदवहीवर लिहून दिला.

पावणेतीनच्या सुमाराला निरीक्षण कक्षातून हाक आली. एक तरुण परिचारिका टोचल्यावर सात-आठ मिनिटांत खुर्चीतून घसरली होती. अशा क्षणी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात, आणि हात आधी मनगटावर जायला हवा. भीतीने आलेल्या घेरीत नाडी मंद असते, अंग गार आणि फिकट, आडवं करून पाय वर घेतले की एक-दोन मिनिटांत रंग परततो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेत, नाडी जलद आणि क्षीण, अंगावर गांध्या, घशाला आवळ, श्वासाला शिट्टी. तसं असेल तर एक क्षण न दवडता मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन, १:१००० चं अर्धा मिलिलिटर. किट उघडून टेबलावर ठेवलेलं होतं, सिरिंज भरण्याच्या बेतात होतो. नाडी ५२, रक्तदाब थोडा उतरलेला, अंगावर पुरळ नाही, छाती स्वच्छ. पाय वर घेतले, ती दोन मिनिटांत बोलायला लागली. सकाळपासून ड्यूटीवर, पोटात फक्त चहा. अ‍ॅड्रेनॅलिन लागलं नाही. तिला अर्ध्या तासाऐवजी दोन तास ठेवलं आणि घटना को-विनवर नोंदवली.

दार उघडं होतं, प्रतीक्षाकक्षातल्यांनी तिला उचलताना पाहिलं होतं. दार लावून घ्यावं अशी एक सूचना आली. मी ते लावलं नाही. बाहेर जाऊन जे झालं ते सांगितलं: घेरी आली, नाडी किती होती, काय दिलं, काय द्यावं लागलं नाही, आणि ही नोंद वर जाणार आहे. उपाशी आलेल्यांना आधी कॅन्टीनमध्ये पाठवलं. हे सकाळीच करायला हवं होतं. पुढच्या प्रत्येक दिवशी आम्ही दारातच "काही खाल्लंय का?" हा पहिला प्रश्न ठेवला.

४.२० ला व्हायलमध्ये तीन डोस उरले होते. सतरा दिले, तीन टाकले. अहवालात नासाडी पंधरा टक्के दिसली आणि संध्याकाळी त्याचा जाब विचारला गेला. नासाडीच्या रकान्यात आकडा असतो, पण दीड वाजता उठून गेलेल्या त्या बाईला निवांत विचार करायला वेळ मिळाला, यासाठी रकाना नसतो. उरलेले तीन डोस कोणाला तरी गाठून संपवता आले असते. फोन पुन्हा सुरू केले असते तर संपलेही असते. मी तेव्हाही तेच उत्तर दिलं आणि आजही देईन: संमती घड्याळावर घेतली तर ती संमती राहत नाही, आणि व्हायल दहाची केली तर हा प्रश्न निम्मा होतो. पुढे दहाच्या व्हायली आल्याच.

सात दिवसांच्या नोंदवह्यांचा पाठपुरावा फोनवर केला. बहुतेकांचं दंड दुखणं, एखाद्या दिवसाची कणकण. मावशींनी स्वतःहून फोन केला, "काही झालं नाही, हे पण कळवायचं असतं का?" कळवायचं असतं. तेही लिहिलं.

अठ्ठावीस दिवसांनी त्या ज्येष्ठ सिस्टर दुसऱ्या डोसला आल्या. सातही दिवसांचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिलेली नोंदवही त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आकडा आला का?" नव्हता आला. "आला की मला सांगा," म्हणाल्या.

३ मार्चला तिसऱ्या टप्प्याचा अंतरिम निकाल जाहीर झाला. मी त्यांच्या वॉर्डात गेले. एकूण ४३ जणांना आजार झाला, प्लासिबोच्या गटात ३६, लशीच्या गटात ७, दोन्ही गट जवळपास सारखे. त्यानंतर आठवडाभरातच संमतिपत्राची अट निघाली. सिस्टरांनी औषधांच्या चार्टच्या मागच्या बाजूला मांडणी केली. छत्तिसातून सात गेले, एकोणतीस. एकोणतीस भागिले छत्तीस. पॉइंट आठ शून्य पाच.

"ऐंशी टक्के," त्या म्हणाल्या, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.