चैत्रांगण: हाताला पाठ असलेल्या रेघा

चैत्र शुद्ध द्वितीया, रात्र

उद्याच्या चैत्रांगणासाठी, म्हणजे चैत्रगौरीच्या निमित्ताने अंगणात काढायच्या चिन्हांच्या रांगोळीसाठी, गेरू भिजत घातला. चार फूट बाय तीन फुटांच्या जागेला मूठभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम गेरू पुरतो. त्याला दीड वाटी पाणी. खड्यांचा गेरू रात्रभर भिजायलाच हवा. नाहीतर सकाळी फडक्याखाली कण राहतात, ओरखडे उमटतात आणि पुढे नेमकी तिथेच रेघ अडते. घट्ट लावायचा मोह टाळावा. जाड थर वाळला की पापुद्रा धरतो आणि सुटताना वरची रांगोळी घेऊन सुटतो. ताकाइतका पातळ करून दोन हात द्यायचे: पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा.

शहाबादी फरशी किंवा कडप्पा असेल तर गेरू छान धरतो. चकचकीत टाइलवर धरत नाही. तिथे प्लायवूडचा तुकडा गेरूने रंगवून वापरणं उत्तम, त्या गेरूत चमचाभर फेव्हिकॉल घातला तर बोटाला रंग लागत नाही.

रांगोळीही चाळून ठेवली. मऊ लागली की चांगली, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही. शिरगोळ्याची, म्हणजे रांगोळीच्या पांढऱ्या दगडाची, अगदी वस्त्रगाळ भुकटी बोटांना चिकटून बसते. चिमटीतून सुटायला तिला किंचित कणी हवी. पुडी दमट वाटली तर अर्धा तास उन्हात पसरावी. एवढ्या जागेला पाव किलो लागते, हाताशी अर्धा किलो असावी. कोकणात भाताची तुसं जाळून केलेल्या राखेचीही रांगोळी काढत. तिची रेघ मऊ येते, पण वाऱ्यावर तीच आधी उडते.

तृतीया, सकाळ

आज चैत्रगौर बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर अंगणात चैत्रांगण. रोज जमलं नाही तर मंगळवारी आणि शुक्रवारी तरी.

गेरूचा रंग गडदचा फिका होईपर्यंत थांबायचं. ओल्या गेरूवर रांगोळी पाणी पिते, करडी दिसते, आणि मग वाळल्यावरही पहिली पांढरी होत नाही. या अर्ध्या तासात सुतळी ताणून जागेचे तीन उभे भाग पाडून घ्यायचे. मधला एक फुटाचा, मखराचा. सगळं चैत्रांगण या मखरावर उभं असतं. ते बोटभर डावीकडे गेलं तर उजवीकडची चिन्हं विरळ आणि डावीकडची दाटीवाटीची होतात, आणि हे कळतं तेव्हा निम्मं काढून झालेलं असतं.

ठिपक्यांच्या रांगोळीत हा धोका कमी. सात ते चार ठिपके मांडले की मधली ओळ सातची, तिच्या वर-खाली सहा, पाच, चार, एकूण ३७. मधली ओळ सरळ आली की बाकीचं ठिपके सांभाळतात. चैत्रांगणाला ठिपके नाहीत, उदबत्तीने भोकं पाडलेला कागद नाही. सगळं हाताच्या अंदाजावर. म्हणूनच ते मला जास्त जवळचं.

चिमूट अंगठा आणि तर्जनीची, मधलं बोट नुसतं टेकू. अंगठा तर्जनीवर पुढे सरकत राहतो, तेवढीच रांगोळी पडते. हात जमिनीपासून बोटभर वर. त्याहून उंच गेला की रेघ पसरते, खाली टेकला की मागची रेघ पुसते. सुरुवातीला गोळा पडतो, कारण रांगोळी सोडल्यावर हात हलवला जातो. हात आधी हलू द्यावा, रांगोळी मग सोडावी. रेघ तुटक येऊ लागली तर समजावं बोटांना घाम आलाय. ती कोरड्या फडक्याला पुसायची, ओल्या नाही.

काढायचं वरून खाली, म्हणजे काढलेल्यावरून आपलाच पदर किंवा पाऊल फिरत नाही. वर आंब्याची डहाळी, दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. मग मखर, त्यात झोपाळ्यावर गौर. पुढे शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, कासव, नाग, गरुड, तुळशीवृंदावन, कलश, अंबारीचा हत्ती, करंडा-फणी, आरसा, लक्ष्मीची पावलं. कुणाकडे ५१ चिन्हं मोजतात, कुणाकडे कमी-जास्त.

ही सगळी नावं बसल्या जागी सांगायला घेतली तर तीस-पस्तीसच्या आसपास अडायला होतं. चिमटीत रांगोळी घेतली की अडत नाही. करंड्याचं झाकण मिटलं की फणी येते, फणीचे दात झाले की आरसा. हा क्रम ज्या घरात शिकला त्या घराचा असतो. एकीच्या हातचं कासव डोक्यापासून सुरू होतं, दुसरीच्या हातचं पाठीच्या गोलापासून. ज्याचा त्याला तो क्रम सुटत नाही. वहीत चित्र उतरवून ठेवता येतं, पण रेघ कुठून निघाली ते वहीत राहत नाही. म्हणून वहीत प्रत्येक चिन्हाशेजारी बाणाची खूण करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

छाप्याचे साचे मिळतात. त्यांतून चिन्हं उमटतात, पण हत्तीच्या गंडस्थळावरून पाठीवर उतरणारी एकसलग रेघ शेपटाशी येऊन मिळते तो क्षण साच्यात नाही. तेवढ्या एका वळणासाठी पायांना मुंग्या येईपर्यंत ओणवं बसावंसं वाटतं.

चूक झालीच तर बोटाने पुसू नये, फुंकरही मारू नये. गेरूच्या छिद्रांत पांढरं बसतं आणि कायमचा डाग दिसतो. जाड कागदाच्या कडेने उचलायचं, मऊ कोरड्या कुंचल्याने झटकायचं, वर कोरड्या गेरूची चिमूट.

हळद-कुंकू अगदी शेवटी. आधी वाहिलं तर कुंकवाचा कण पांढऱ्यात जातो आणि गुलाबी रेघ होते.

तृतीया, संध्याकाळ

हळदीकुंकवाला पन्हं, आंब्याची डाळ, ओल्या हरभऱ्यांची ओटी. येणारीजाणारी माणसं जपून पावलं टाकत होती, तरी चंद्राची एक कड गेली. ती पुन्हा भरली नाही; संध्याकाळच्या उजेडात जुन्या रेघेवर नवी रेघ बसवायला गेलं की दुहेरी होते.

उद्या पहाटे केरसुणी आधी नाही. वरची रांगोळी सुक्या मऊ फडक्याने गोळा करायची, मग पाणी. गोळा झालेलीत गेरू मिसळलेला असतो, ती फिकट गुलाबी दिसते, किनारीला चालते.

उरलेला गेरू झाकून ठेवलाय. शुक्रवारी उजवा भाग दोन बोटं जास्त रुंद घ्यायचा. हत्तीच्या सोंडेला जागा पुरली नाही.