एकाच फोनमधले दोन ग्रुप

दसरा होऊन आठवडा झाला होता, पण नागपूरचं ऊन काही ऐकत नव्हतं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये ट्रेनिंग घ्यायला मला बोलावलं होतं. समोर लाइन सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, स्टोअरचे, मेंटेनन्सचे असे पंचवीसेक जण. क्वालिटीतल्या दोघी सोडल्या तर सगळे पुरुष. ‘सन्मानपूर्ण कार्यसंस्कृती’ हे नाव एचआरने ठेवलेलं. फळ्यावर ते वाचून पुढच्या रांगेतले एक जण शेजाऱ्याला म्हणाले, “आज जेवण तरी चांगलं राहील.”

सकाळ कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात गेली. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, हे जिन्यातल्या पोस्टरमुळे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून मी ते फार ताणत नाही. गाडी अडते ती नेहमीच्या दोन जागी. “पॅकिंगच्या बाया ठेकेदाराच्या आहेत मॅडम, आपल्या रोलवर नाहीत.” रोलचा इथे काही संबंध नाही. ठेकेदारामार्फत आलेली बाई असो, ट्रेनी असो की अप्रेंटिस, या कायद्यापुरत्या सगळ्या कर्मचारीच. दुसरी जागा म्हणजे बस. बर्डीहून सुटणारी कंपनीची बससुद्धा कामाचं ठिकाण धरली जाते, असं म्हटल्यावर मागची रांग जरा चुळबुळली. का, ते मी तिथे विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एचआरच्या कानावर मात्र घातलं.

दुपारी एक ज्येष्ठ शिफ्ट इनचार्ज उभे राहिले. “मॅडम, राग नका मानू. फ्लोअरवर गोड बोलून प्रॉडक्शन निघत नाही. आणि आमची नागपूरची भाषाच अशी आहे जी. तोंडात असते, मनात काही राहत नाही.”

हे मला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकावं लागतं आणि ते मला अजिबात पटत नाही. मीही इथलीच आहे. याच बोलीत इथली माणसं सासऱ्यांशी, डॉक्टरांशी, बँकेच्या मॅनेजरशी बोलतात. तेव्हा कुठे भाषा आडवी येत नाही. पण वाद घालण्यापेक्षा म्हटलं, फोन काढा. दोन ग्रुप उघडा. एक, ज्यात प्लांट हेड आहेत तो. दुसरा, ज्यात तुमच्या शिफ्टचे कामगार आहेत तो. फक्त स्वतःचे मेसेज वाचायचे, कामगाराचं नाव घ्यायचं नाही आणि ज्याला नको त्याने वाचू नये.

एक तरुण सुपरवायझर हौसेने पुढे आला. वरच्या ग्रुपवरचा त्याचा मेसेज असा: “नमस्कार सर, बी लाइनला मटेरियल उशिरा आल्यामुळे आउटपुट थोडं कमी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.” त्याच सकाळी, पाच मिनिटांच्या आत, खालच्या ग्रुपवर: “बी लाइनवाले झोपले काय बे सगळे? फुकटचा पगार पाह्यजे.” हॉल हसला, तोही हसला. मग परत स्क्रीनकडे पाहून म्हणाला, “मटेरियल उशिरा आलं होतं, हे तर मलाच माहीत होतं.”

आणखी तिघा-चौघांनी वाचलं आणि हसणं बंद होत गेलं. दर वेळी तेच. वर कारण कळवलेलं, खाली शिवी पाठवलेली. अदबीने कसं लिहायचं हे या लोकांना शिकवायची गरजच नव्हती. ते त्यांना अस्खलित येत होतं, फक्त वरच्या दिशेने. मला दिवसभरात सांगायचं होतं ते एवढंच, आणि माझ्या स्लाइडमध्ये ते कुठेच नव्हतं.

मग ज्येष्ठ इनचार्जच म्हणाले, “मीही वाचतो.” त्यांचा मेसेज दसऱ्याच्या आधीचा होता: “ज्यांना दीक्षाभूमीवर फिरायला जायचं असेल त्यांनी परत यायची गरज नाही. दरवर्षीचं नाटक.”

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस दसऱ्याचा होता. तेव्हापासून दर दसऱ्याला या शहरात गावोगावची माणसं लोटतात आणि इथली मंडळी पाणी वाटायला, जेवण वाढायला उभी राहतात. याच कामासाठी दोघांनी सुट्टी मागितली होती.

मेंटेनन्सचे एक जण बसल्या जागेवरून म्हणाले, “मीही त्या ग्रुपात आहो सर. पाह्यला होता मेसेज.”

“मग बोलला काहून नाही?”

“बोलून काय झालं असतं?”

क्वालिटीतल्या एकीने शांतपणे विचारलं, “गणपतीत तुम्ही तीन दिवस नव्हते ना, सर?”

इनचार्ज माझ्याकडे वळले. “मॅडम, याच्यावर अ‍ॅट्रॉसिटीची केस होते काय?” घाबरल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. म्हटलं, १९८९ चा तो कायदा यावर लागतो की नाही हे वकिलाला विचारा, पण ज्यांनी वाचलं त्यांचं काय करायचं, ते वकील सांगणार नाही. ते म्हणाले, दोघांना केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणतो. अख्ख्या हॉलने मोडीत काढलं. ग्रुपवर बोललात, ग्रुपवरच लिहा. शिवाय केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधी घाबरतो, मग ऐकतो.

त्यांनी लिहून दाखवलं: “कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व.”

“‘असतील तर’ काढा,” मेंटेनन्सवाले म्हणाले. “दुखावल्या.”

दुसऱ्या मसुद्यात कामाचा ताण आला. तोही काढायला लावला. तिसऱ्यात होतं, पुढच्या वर्षी अर्ज वेळेत द्यावेत. मी विचारलं, यंदा कधी दिले होते? ते थोडं थांबून म्हणाले, “पंधरा दिवस आधी.” शेवटी जे गेलं ते असं: “दीक्षाभूमीबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. माफी मागतो. तुमचे अर्ज वेळेत आले होते. शिफ्ट लावून देणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.” पाठवायच्या आधी त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत वाचलं आणि अंगठा टेकवला.

समारोपाला प्लांट हेड आले. मी त्यांना व्यायाम सांगितला, तर म्हणाले, “छान! पण आमच्या मॅनेजर्सच्या ग्रुपवर असं काही नसतं.” मागे कोणीतरी खोकलं. माझ्या अहवालातली पहिली शिफारस त्या खोकल्यावरूनच ठरली: पुढचं सत्र एक मजला वर.

ज्या दोघांना माफी होती त्यांच्याकडून काहीच आलं नाही. एकाची रात्रपाळी होती, झोपला असेल; दुसऱ्याचं माहीत नाही. उत्तर आलं ते तिसऱ्याचंच: “ठीक आहे सर. तीन नंबर प्रेसचं ऑइल दोन दिवसांपासून गळून राहिलं, सांगायचं राहून गेलं होतं.” इनचार्जनी फोन मेंटेनन्सवाल्यांकडे सरकवला. ते वाचून उठले, आणि प्लांट हेड टीमवर्कवर बोलत असतानाच दार ढकलून खाली गेले.