पिंपळ आणि घूस

जुन्या नाशकात वाडे पाडायचं काम दोघं मिळून करतात. वरून पिंपळ, खालून घूस. पावसाळ्यात एखादी भिंत बसली की पेपरात ‘जीर्ण वाडा कोसळला’ एवढंच येतं. या दोघांचं नाव कुणी छापत नाही.

पिंपळाचं बी खसखशीएवढं. बुलबुल नाहीतर कावळा फळ खातो, भिंतीवर बसून शिटतो, आणि विटांच्या फटीत ओल असतेच. आधी दोन-चार तांबूस पानं दिसतात. बघणाऱ्याला कौतुक वाटतं. मग मूळ जाड होत जातं, वीट विटेपासून सुटते आणि सागाची तुळई पेलणाऱ्या भिंतीला पोट येतं.

घुशीचं काम रात्रीचं. मोरीच्या ओलीनं मऊ झालेली पायाची माती ती उकरते आणि सकाळी ओट्याशी ढीग लावून ठेवते. अंगानं किलोभराची, कोंडीत सापडली तर केस फुलवून अशी गुरगुरते की मांजरही वाट बदलतं. पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं तिला चुकत नाही. पिंपळाचीही वाढ थांबत नाहीच. श्रीलंकेत अनुराधपूरला इ.स.पू. तिसऱ्या शतकात लावलेला पिंपळ अजून पालवतो. घुशीला वर्ष-दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ.

वागणूक मात्र बघा. पिंपळाला शनिवारी पाणी, तेलाचा दिवा. तोडायला सांगितलं तर गवंडी मुंज्याचं नाव काढून कोयता खाली ठेवतो. घुशीच्या बिळात काचा कोंबायच्या, वर सिमेंट थापायचं. उंदराला निदान गणपतीनं पदरात घेतलंय, हिला कुणी वाली नाही. मला विचाराल तर दोघांत घूसच सरळ. काय उकरलं ते रोज दारात मांडते तरी.

अर्थात फट बुजवली असती तर दोघांचंही फावलं नसतं. पण मालक म्हणणार, भाडं किती येतं? भाडेकरू म्हणणार, वाडा कुणाचा?

तिवंध्याकडच्या एका वाड्यात ओट्यालगतच पिंपळ आहे आणि त्याच्या बुडाशी घुशीचं बीळ. तिथल्या मावशी शनिवारी तांब्या ओततात, पाणी गटगट बिळात जातं. मी म्हटलं, “मावशी, सगळं घुशीला चाललंय.”

“जाऊ दे रे,” त्या म्हणाल्या, “तिलाही साडेसाती असेल.”