राणीच्या बागेतली उर्वशी, तिसऱ्या खेपेला

भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असले, तरी रस्ता विचारताना ते कोणी घेत नाही. मी तिथे प्रथम गेलो तो मे महिन्याच्या मध्यावर, आणि तोही केवळ उर्वशी हा फुलांचा वृक्ष पाहण्यासाठी. पाने झाडणाऱ्या माळीदादांना तिचा पत्ता विचारला, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, आता नुसती पानंच बघायची. फुलं हवीत तर थंडीत या.”

झाडांचे वेळापत्रक न पाहता सुट्टी काढल्याचा हा दंड होता. ताम्हणाने मात्र निराश केले नाही. चुरगळलेल्या रेशमासारख्या जांभळ्या पाकळ्यांचे तुरे ऐन भरात होते, आणि हे आपले राज्यफूल आहे हे तिथल्या गर्दीत कितीजणांना ठाऊक असेल, अशी शंका मनात येऊन गेली. गोरखचिंच तेव्हा निष्पर्ण उभी होती. तिचे राखाडी, फुगीर खोड पाहून हत्तीच्या पायाची आठवण होत होती.

जुलैत पुन्हा गेलो, तेव्हा याच आफ्रिकी वृक्षावर पंजासारख्या पानांची दाटी झाली होती. त्याची पांढरी, तळहाताएवढी फुले लांब देठांवर खाली लोंबतात, दिवस मावळताना उमलतात आणि वटवाघळांना बोलावतात. पण बाग संध्याकाळीच बंद होत असल्यामुळे प्रेक्षकाच्या वाट्याला येते ते सकाळचे, मलूल झालेले फूल. असेच एक मला चिखलात पडलेले सापडले. रुमालात गुंडाळून घेतले खरे, पण घरी पोहोचेपर्यंत ते तपकिरी पडले होते.

उर्वशी भेटली ती फेब्रुवारीत. हा वृक्ष मूळचा ब्रह्मदेशातला, आणि त्याचे ‘अ‍ॅमहर्स्टिया’ हे शास्त्रीय नाव तेव्हाच्या गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट व त्यांच्या कन्येच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. फांद्यांवरून झुंबरासारखे घोस लोंबत होते: लालभडक फुले, वरच्या रुंद पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि बाहेर झेपावणारे लांब पुंकेसर. कोवळी पानेही तांबूस, मरगळल्यासारखी खाली लटकलेली. प्रथम पाहणाऱ्याला झाड सुकले आहे असेच वाटावे. त्याला बी क्वचितच धरते, म्हणून गुटी कलम करून रोपे तयार करावी लागतात. फुलणारा सीताअशोक याच शिंबी कुळातला, पण त्याच्या केशरी गुच्छांत पाकळ्या मुळी नसतातच; रंग असतो तो निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या दलांचा. तरी माझी पसंती उर्वशीलाच.

मी मान वर करून उभा असताना एका कुटुंबाने थांबून विचारले, “पेंग्विन कुठे आहेत हो?” मी हात करून दिशा दाखवली आणि ती मंडळी उर्वशीच्या घोसाखालून मान न उचलता पुढे गेली.